सांगून बांधलेली राखी

डोंबिवली पूर्व,
१२ ऑगस्ट २०२५

प्रिय केशर,

तुझ्या कानातलं यंत्र फोनवर शिट्टी मारतं आणि माझी बोटं मोबाइलवर कणीक मळल्यासारखी सगळी अक्षरं एकत्र करतात, म्हणून आपली ही कागदाची वाटच बरी. पत्र कुंडलिकच्या हाती देतेय. डबे घेऊन तो रोज ठाण्यात येतोच, जाता जाता कोपरीला तुझ्या दारात देईल. चहा पाज त्याला. माझ्या बहिणीचा मुलगा म्हणून सांगत नाही, पण पोर गुणी आहे. आमचं पोळीभाजी केंद्र आज त्याच्या टेम्पोच्या चाकांवर उभं आहे, बायकांना कामंही तोच वाटून देतो.

आता कामाचं. ठाण्यातल्या एका कंपनीने दुपारची जेवणं आमच्याकडून घ्यायचं ठरवलंय. सगळं पसंत पडलं, अगदी अळूच्या फदफद्यासकट, आणि मग त्यांच्या बाईंनी विचारलं, "तुमच्याकडे अंतर्गत समिती आहे ना?" मला वाटलं सोसायटीच्या कमिटीसारखं काही असेल. मग तिने समजावलं. जिथे दहा किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिथे बायकांच्या छळाच्या तक्रारी ऐकायला मालकाने समिती नेमायचीच, असा २०१३ सालचा कायदा आहे म्हणे. इतकी वर्षं झाली आणि मला पत्ता नाही! सातवीनंतर मला रद्दीने शिकवलं हे तुला ठाऊक आहे, वाण्याची पुडी सोडली की आधी तिचा कागद वाचायचा. पण हा कायदा काही कुठल्या पुडीतून आला नाही.

मला तर नवलच वाटलं. आमच्याकडे लाटणाऱ्या, चिरणाऱ्या, डबे भरणाऱ्या, कढईवरचे, गाडीवरचे धरून पंधरा-सोळा माणसं. सगळी एकमेकांना ताई, दादा, काकू म्हणतात. मला मावशी. घरात कधी समिती असते का गं? तरी कायदा तो कायदा. मी करून टाकली. अध्यक्ष मी, सभासद माझी सून अक्षदा, आणि बायकांच्या रोजच्या अडचणी ज्याला सगळ्यात जास्त माहीत असा पुरुष म्हणून कुंडलिक. तक्रारीसाठी त्याचाच नंबर लिहिलेला कागद हात धुवायच्या बेसिनवर चिकटवलाय. तू रिटायर झाल्यापासून तुमच्या त्या बायकांच्या संस्थेतर्फे अशा समित्यांवर जातेस ना? मग बाहेरची सभासद म्हणून तुझं नाव घालू?

आणि गंमत ऐक. समिती व्हायच्या आधीच मी पहिला निवाडा करून बसले! कळव्याची दर्शना म्हणून मुलगी आहे, चोविसेक वर्षांची. डबे वाटायला कुंडलिकबरोबर टेम्पोत पुढे बसते. ती कुरकुरत आली, की गिअर टाकताना दादांचा हात गुडघ्याला लागतो. आता गिअर तिथेच आहे तर हात लागायचाच की! पण मनात किल्मिष नको म्हणून राखीपौर्णिमेला सगळ्यांसमोर तिला त्याच्या हातावर राखी बांधायला लावली. दोघांना नारळाची वडी दिली. झालं, मिटलं. तुमच्या समित्यांना जमतं का इतकं झटपट?

तुझीच,
शेवंती

कोपरी, ठाणे पूर्व,
१७ ऑगस्ट २०२५

प्रिय शेवंती,

कुंडलिक आला होता. चहा प्याला, दोनदा वाकून नमस्कार केला. हे उत्तर मात्र मी पोस्टाने पाठवतेय. त्याच्या हाती द्यावंसं वाटलं नाही, ते का ते पुढे तुझं तुलाच कळेल.

बाहेरची सभासद व्हायला मी तयार आहे, पण आधी तुझी समिती मोडावी लागेल. लगेच फुगू नकोस. अध्यक्ष म्हणून तिथे कामाला असलेली, वरच्या जागेवरची बाई हवी. तू पहाटेपासून राबतेस हे मला माहीत आहे, पण तू मालकीण. तुझ्यापुढे बसून तुझ्या भाच्याबद्दल, तुझ्या सुनेबद्दल कोण बोलेल? सूनबाईंनाही म्हणूनच नको. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असली तर ती जिल्ह्याच्या समितीकडे जाते, म्हणजे बघ, कायदा करणाऱ्यांनी हा विचार करून ठेवलाय. आणि कुंडलिकचा नंबर आजच्या आज काढ.

आता माझं कुतूहल. तुझ्या पत्रात वडी कसली होती ते आहे, गिअर कुठे आहे ते आहे. दर्शनाचं बोलणं मात्र तू एका ओळीत उरकलंस. राखी बांध असं सांगितल्यावर ती काय म्हणाली? आणि वडी तिने खाल्ली का गं? मी परीक्षा घेत नाही, खरंच जाणून घ्यायचंय.

त्याच्या मनात किल्मिष होतं की नव्हतं, याचा तू विचार केलास. मीही कंपनीत स्टोअरला होते तेव्हा असाच विचार करायचे. समितीच्या कामात शिकले, की कायदा आधी तिच्याकडे बघतो. तिला ते नको होतं का? तिथून सुरुवात.

फदफद्यात मुळा घालतेस की नाही, तेही कळव.

तुझी,
केशर

डोंबिवली पूर्व,
२४ ऑगस्ट २०२५

प्रिय केशर,

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडले. ज्या ओट्यापाशी माझे गुडघे झिजले तिथे समिती बसणार आणि मी बाहेर! लग्न माझ्या घरचं आणि मलाच आमंत्रण नाही. अक्षदाला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, मला तर सुटल्यासारखं वाटलं." तिलाही आत्ता कळलं म्हणे, की ती सभासद होती.

मग भांडण ओसरलं आणि तुझे प्रश्न उरले. ते काही ओसरेनात. वडीचं विचारलंस, तर दर्शनाने ती खाल्ली नव्हती. डब्यांच्या मांडणीमागे रुमालात गुंडाळलेली सापडली, मुंग्या लागलेली. मला वाटलं, विसरली असेल. ती काय म्हणाली हे मात्र आठवत नाही गं. काहीतरी म्हणाली खास, कारण त्यावर मी हसलेले ते आठवतंय.

पण तू काळजी करू नकोस, राखीचा गुण आलाय. पूर्वी कुंडलिक तिला कळवा नाक्यावर सोडायचा, आता भाऊ म्हणून थेट चाळीच्या दारापर्यंत पोहोचवतो. फोन कुणाचा होता, उशीर का झाला, सगळी चौकशी करतो. परवा डबे भरताना सगळ्यांसमोर मायेने तिच्या पाठीवरून हात फिरवला. ती बाजूला सरकली तर म्हणाला, "भावाला कसली लाजतेस गं?" सगळ्या खो खो हसल्या. मीही. दर्शनाच तेवढी अलीकडे शिष्ट झालीय. जेवायला आमच्यात बसत नाही, डबा घेऊन जिन्यात जाते.

नंबर काढायचा राहिलाय. गणपतीच्या मोदकांच्या ऑर्डरी डोक्यावर बसल्यात.

मुळा घालतेच. मुळ्याशिवाय फदफदं हे विचारणंच पाप.

तुझी,
शेवंती

कोपरी,
२९ ऑगस्ट २०२५

प्रिय शेवंती,

मोदकांच्या गडबडीत असशील, तरी हे पत्र उभ्या उभ्या वाचू नकोस. बस आणि वाच.

राखीच्या आधीची दर्शना आठव. हात लागला तर "दादा, हात काढा" म्हणायची तिला सोय होती. तुझ्याकडे यायची सोय होती, आणि ती आलीही. आता तो तुझ्या साक्षीने, सगळ्यांदेखत, तिचा भाऊ झालाय. भाऊ दारापर्यंत आला, फोन कुणाचा म्हणाला, पाठीवर हात ठेवला, तर तिने जायचं कुणाकडे? ऐकणारा म्हणणार, भाऊच ना तुझा? तिच्याजवळ "नको" एवढा एक शब्द होता, तो तू वडी देऊन काढून घेतलास. आणि त्याला परवाना काढून दिलास. त्या दिवशी त्याच्याच हाती उत्तर का दिलं नाही, ते आता कळलं असेल.

टेम्पोत काय घडलं ते मला माहीत नाही. तुलाही नाही. माहीत नाही म्हणूनच तर चौकशी असते. पण तिला एकटीला बोलावून विचारू नकोस. मालकिणीने बोलावलं की माणूस मालकिणीला झेपेल तेवढंच सांगतं.

एवढं कर. बेसिनवरचा कागद फाड. नवी समिती नेम. मग सगळ्यांना एकत्र बसवून सांग, पुरुषांनाही, की तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची, उशिराला खरंच कारण असेल तर समिती आणखी मुदत देऊ शकते. लिहिणं जमत नसेल तर समितीने लिहायला मदत करायची. नाव बाहेर फुटणार नाही. आणि समेट हवा असेल तर तो तिने मागायचा. तिच्या वतीने दुसऱ्या कुणी नाही, कितीही माया असली तरी.

हे शेवटचं वाक्य कायद्यातलंच आहे, मायेचं तेवढं मी घातलं.

तुझी,
केशर

डोंबिवली पूर्व,
९ सप्टेंबर २०२५

प्रिय केशर,

पत्र बसून वाचलं. मग उठवेना.

कागद त्याच दुपारी फाडला. कुंडलिक हसत म्हणाला, "काय मावशी, मला बरखास्त केलं?" मी म्हटलं, "मीपण बरखास्त." तो हसला, मला काही हसू आलं नाही.

विसर्जन झालं, काम हलकं झालं, तेव्हा सगळ्यांना गच्चीवर पत्र्याखाली बसवलं. अध्यक्ष म्हणून ठमाबाईंचं नाव सांगितलं. त्या आमच्या सगळ्यात जुन्या. भोपरच्या आगरी घरातल्या, शेतं होती तिथे आता इमारती आहेत आणि भाडी येतात, तरी घरी बसून हात शिवशिवतात म्हणून येतात आणि पोळ्यांचं सगळं तेच बघतात. त्या म्हणाल्या, "गो शेवंती, मना वाचाला टाइम लागतंय. पन आयकाला नाय लागत. चालंल मना." बिलं बघणारी जागृती आणि कढईवरचा दिपेश हे दोघे सभासद, आणि तू.

मग तू लिहिलेलं सगळं सांगितलं. दिपेशने हात वर केला, "मावशी, मला कुणी छळलं तर?" ठमाबाई म्हणाल्या, "तुला कोन छलतंय रं, तूच मिरची जास्त टाकून आमाला छलतंस." हशा झाला. मी सांगितलं, हा कायदा बायकांसाठी आहे, पण तुला कुणी त्रास दिला तर तोही मी ऐकेन, थट्टेवारी नेणार नाही. एकजण म्हणाली, "म्हणजे आता दादा म्हणायचं की नाही?" मी म्हटलं, केशरला विचारून सांगते. तू असतीस तर काय सांगितलं असतंस?

सगळ्या खाली गेल्या. दर्शना जिन्यात थांबलेली.

"शेवंतीबाई," म्हणाली. केशर, कामाला लागल्यापासून पहिल्यांदा तिने मला मावशी म्हटलं नाही.

"ती राखी मी नाही बांधली. तुम्ही बांधलीत."

मी म्हटलं, "अगं, पण…"

"माझे फक्त हात होते."

ती पुढे बोलणार होती. तोंड उघडलेलंच होतं. आणि तुला सांगते, मला सगळं, अगदी सगळं ऐकायचं होतं. चाळीच्या दारात काय झालं, गाडीत काय झालं. पण कुठून बुद्धी झाली कुणास ठाऊक, मी म्हटलं, "थांब. मला नको सांगूस. ठमाबाईंना सांग. मला सांगितलंस तर मी पुन्हा माझ्याच पद्धतीने मिटवीन."

मी विचारलं, "तोवर तुला गाडीवरून काढून आत डबे भरायला बसवू का?" तर म्हणाली, "गाडी मी का सोडू? ठाण्यातले लोक मला नावाने ओळखतात. हात काय माझा लागत होता?"

बरोबर केलं ना मी? ती गेली का ठमाबाईंकडे? काय लिहून दिलं? कुंडलिक काय म्हणतो? पोरगं माझ्या मांडीवर वाढलंय केशर, मला कळायला नको?

तुझी,
शेवंती

कोपरी,
२१ सप्टेंबर २०२५

प्रिय शेवंती,

जिन्यात तू केलंस ते बरोबर केलंस.

बाकीच्या प्रश्नांची उत्तरं या पत्रात नाहीत. पुढच्या पत्रातही नसतील. समितीने तुला लेखी कळवायचं ते कळवलं आहे, की चौकशी संपेपर्यंत कुंडलिकने ठाण्याच्या गाडीवर जायचं नाही, बायकांना कामं वाटून द्यायची नाहीत. त्याला कल्याणच्या बाजारात भाजी आणायला पाठवलंस, हे ठीक. यापुढचं तुला अहवालातून कळेल. कोण काय बोललं ते कुणालाच सांगायचं नाही असा नियम आहे, आणि तो मैत्रिणीला धरून आहे.

म्हणून मी कारल्याबद्दल लिहिते. गॅलरीतल्या कुंडीत वेल लावला होता, तो आता शेजारच्या ग्रिलवर चढलाय. कारली माझी की त्यांची, हा प्रश्न आहे. एकूण पाच लागली, दोन पिवळी पडून फुटली. आत लाल बी किती सुंदर दिसतं गं, खायचं नसतं तरी. भरली कारली करताना तू चिंच घालतेस की कैरी?

यात काही खूण शोधू नकोस. कारलं म्हणजे कारलंच.

शाळेपासून तू म्हणत आलीस, केशरच्या पोटात काही राहत नाही. आता राहतं.

तुझी,
केशर

डोंबिवली पूर्व,
४ ऑक्टोबर २०२५

प्रिय केशर,

कारल्याचं पत्र तीनदा वाचलं. उलटं धरूनही वाचलं. शेवटी चिंच घालते एवढंच निघालं त्यातून.

वर धान्याच्या खोलीत समिती बसते आणि खाली मी ओट्याशी. खुर्ची सरकल्याचा आवाज आला की माझं लाटणं थांबतं. ठमाबाई खाली येतात, हात धुतात, परातीपुढे बसतात, जणू वर देवदर्शनाला गेल्या होत्या. मी एकदा नुसतं म्हटलं, "दमलात?" तर म्हणाल्या, "शेवंती, कनीक सैल झालीय." संपलं बोलणं.

माणगावहून धाकट्या बहिणीचा, नयनचा फोन आला. "ताई, माझ्या पोराला भाजी उचलायला लावलीस?" मी म्हटलं, चौकशी चालू आहे, मला बोलता येत नाही. "तुझ्याच दुकानात तुला बोलता येत नाही? मग मालकीण कसली तू?" खरं सांगू, हा प्रश्न मलाही पडला होता. आता जरा उलटा पडतो. मला सगळं कळत होतं, सगळ्यांचं मीच मिटवत होते, तेव्हा तरी मी कसली मालकीण होते?

आणि मग मलाच वर बोलावलं, साक्षीला! तू समोर बसलेलीस तरी लिहिते, कारण तिथे तू ओळखसुद्धा दाखवली नाहीस. आधी झोंबलं. मग धीर आला, की दर्शनाच्या वेळीही ही बाई अशीच बसली असेल, कुणाची न होता.

ठमाबाई म्हणाल्या, "बस शेवंती. पानी पी. घाई नाय." मग तोच प्रश्न. "राखी बांध सांगलंस, तवा पोर काय बोलली?"

तुझ्या पत्राला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. पण त्या खोलीत, गव्हाच्या वासात, डावीकडे टेम्पोची ताडपत्री घडी करून ठेवलेली, आणि मला दर्शनाचा चेहरा दिसला. तबक हातात, मान खाली. ती म्हणालेली, "मावशी, मला भाऊ नकोय. मला फक्त माझ्या सीटवर नीट बसायचंय." आणि मी हसून म्हटलेलं, "अगं, भाऊ काय कुणाला जड होतो का?"

मी सांगितलं. जागृतीने लिहून घेतलं आणि मला वाचून दाखवलं. आपलं बोलणं दुसऱ्याच्या आवाजात ऐकलंयस कधी? माझंच वाक्य, पण त्यातली माया कुठे गेली कळेना. नुसतं वाक्य उरलं होतं.

सही करताना तू पेन पुढे केलंस. तेवढी ओळख मी धरली.

तुझी,
शेवंती

कोपरी,
१४ ऑक्टोबर २०२५

प्रिय शेवंती,

अहवाल जागृतीने तुझ्या हातात दिला असेल. आमचं काम संपलं, तुझं सुरू झालं. त्यावर अंमल करायला कायद्याने तुला साठ दिवस दिलेत. पण दर्शना रोज येते तेव्हा तिचे दिवस वेगळ्या मापाने जातात, हे लक्षात असू दे.

काय करावं ते मला विचारू नकोस. करून झाल्यावर लिही.

वेलावर आणखी एक लागलंय.

केशर

डोंबिवली पूर्व,
२५ ऑक्टोबर २०२५

प्रिय केशर,

फराळाच्या ऑर्डरी उरकल्या, पाठ धरलीय, पण आज लिहिलं नाही तर लिहिणारच नाही.

अहवाल पहिल्यांदा वाचला तेव्हा मी त्यात कुंडलिकचं लहानपण शोधत होते. ते कुठेच नव्हतं. दर्शनाने काय सांगितलं, त्याने काय कबूल केलं, गिऱ्हाइकांपैकी एका बाईने गाडीत काय बघितलं, एवढंच. तक्रार खरी ठरली. त्याने लेखी माफी मागावी, बायकांवर देखरेखीचं काम आणि गाडी त्याच्याकडे पुन्हा देऊ नये, लेखी ताकीद द्यावी, असं तुम्ही सुचवलं. मी वाट बघितली नाही. वसुबारसेच्या आधीच त्याला समोर बसवलं.

त्याने वाचलं. म्हणाला, "मावशी, राखी तू बांधायला लावलीस. भाऊ तू केलंस. आणि दोषी मी?"

बोचलं, कारण अर्धं खरं होतं. मी म्हटलं, "माझी चूक माझी. ती मी दर्शनाला सांगितली, सगळ्यांसमोर सांगितली, जशी राखी सगळ्यांसमोर बांधायला लावली होती. पण हात तुझा होता, कुंडलिक."

"माफी लिहिणार नाही."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

किल्ल्या ओट्यावर ठेवल्या आणि गेला. जाताना वाकून नमस्कार केला, सवयीने. तेव्हा मात्र मला भरून आलं गं. मी नयनकडे फराळाचा डबा पाठवला होता, तो कुणाबरोबर तरी तसाच परत आला. झाकणाची सुतळीसुद्धा सोडलेली नाही. तो डबा मी फडताळात ठेवलाय, खालच्या कप्प्यात. रोज दिसतो.

इथे सगळं गोड झालंय असं समजू नकोस. दोघी-तिघी अजून म्हणतात, एवढ्याशा गोष्टीला पोराचं काम घालवलं. मी ऑगस्टमध्ये हेच म्हणत होते, त्यामुळे त्यांचा राग येत नाही. सांगत बसते. ठाण्याच्या त्या कंपनीचं काम सुरू झालं, त्यांच्या बाईंनी समितीचा कागद फाइलला लावला आणि पुढे काही विचारलं नाही. मला वाटलं होतं निदान विचारेल तरी, काही शिकलात का म्हणून.

भाऊबिजेला दरवर्षी केंद्रात ओवाळणं असतं. यंदा ठेवलं नाही. ज्याला ओवाळायचंय त्याने आपापल्या घरी, मनाने. दिपेश एकटा खूश, ओवाळणीचा खर्च वाचला म्हणे. टेम्पो आता तोच चालवतो. दर्शना पुढेच बसते, तिच्या सीटवर.

आता शेवटचं. सान्वी नावाची नवीन मुलगी आलीय डबे भरायला, कालच. दर्शना तिला सगळं दाखवत होती. बेसिनवर नवा कागद आहे, त्यावर ठमाबाईंचा नंबर, तोही दाखवला. सान्वीने दिपेशकडे बघून हळूच विचारलं, "यांना काय म्हणायचं? दादा?"

"नावाने म्हण. वाटलं तर दादा म्हण. कुणी सांगितलं म्हणून नको."

"आणि त्यांना?" मी तव्यापाशी होते. मान वळवली नाही, पण कान तिकडेच.

"सगळ्या मावशी म्हणतात."

"तू?"

दर्शनाने दोन डब्यांची झाकणं लावली. मग म्हणाली, "मी शेवंतीबाई म्हणते. अजून."

केशर, हे "अजून" काय असेल गं? अजून राग आहे, असं? की अजून काही दिवस, असं? मला खरोखरची मावशी म्हणणारा माणगावला जाऊन बसला, आणि मी इथे त्या एका शब्दावर कान टेकून उभी. पूर्वीची मी असते तर तिथल्या तिथे तिला जवळ घेतलं असतं, "म्हण की मावशी" म्हणून हट्ट धरला असता, आणि ती म्हणालीही असती.

विचारलं नाही. विचारणार नाही.

तेवढ्यात पोळी करपली. ती डब्यात नाही घातली, मी खाल्ली.

तुझी,
शेवंती